उष्ण हवेत दुर्लक्षित लॉन पुन्हा उभं करताना

वर्ष-दोन वर्षं लॉनकडे कुणी फिरकलं नाही की त्याची जी अवकळा होते ती सगळीकडे साधारण सारखीच असते. मध्ये टणक, टक्कल पडलेली जमीन, कडेला गुडघाभर तण, झाडाखाली शेवाळ आणि कुठे कुठे तग धरून राहिलेले गवताचे पट्टे. ते बघून पहिला विचार येतो तो सगळं उकरून फेकून द्यावं आणि तयार लॉनच्या गाद्या आणून अंथराव्यात, असा. खर्च तर होतोच, पण पुष्कळदा तो पाण्यातही जातो. ज्या जमिनीपायी जुनं गवत गेलं, त्याच जमिनीवर नवं गवत येऊन बसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून आधी जमीन, मग पाणी आणि गवत सगळ्यांत शेवटी, हा क्रम मी कधी मोडत नाही. या क्रमाने गेलं तर बरीच लॉनं नवं गवत न लावताच सावरतात.

मेलंय की नुसतं झोपलंय?

उष्ण हवेत टिकणारी गवतं म्हणजे हरळी (हिलाच बर्म्युडा म्हणतात), झोयसिया, सेंट ऑगस्टीन, पास्पालम. यांचं पाणी तुटलं की ती लगेच मरत नाहीत. आधी पानं सोडून देतात. वरून सगळं तपकिरी दिसतं, पण जमिनीलगतचा गाभा जिवंत असतो. हरळी आणि झोयसियाच्या बाबतीत तर जमिनीतल्या काशाही (मातीखाली आडवी पसरणारी खोडं) जिवंत राहतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये.

तपकिरी भागातलं मूठभर गवत धरून ओढून पाहा. मुळासकट अलगद हातात आलं तर ते गेलं. घट्ट धरून राहिलं तर एखादी काशी उकरून नखाने खरवडा. आत पांढरट, टणक आणि ओलसर लागली तर गवत जिवंत आहे. पोकळ किंवा ठिसूळ असेल आणि चुरा झाला तर मेलं. तरीही शंका असेल तर एक चौरस मीटरचा तुकडा आखून घ्या आणि त्याला दोन-तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, खोलवर पाणी द्या. हिरवे कोंब फुटले तर बाकीच्या जागेचंही उत्तर मिळालं.

यानंतर खुरप्याने किंवा फावड्याने १५ सेंटिमीटर खोल पाचर कापून बाहेर काढा आणि कापलेली बाजू उन्हाकडे धरून नीट बघा. वर पानं, त्यांच्याखाली तपकिरी, जुन्या गोणपाटासारखा दडस थर आणि मग माती. हा मधला थर मेलेल्या खोडांचा आणि मुळांचा असतो. तो १२ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की पाणी आणि खत त्यातच अडकतं, मुळंही मातीत न जाता त्यातच पसरतात आणि पहिल्या कडक उन्हात उघडी पडून वाळतात. मग मुळं मोजा. ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतच संपत असतील तर जमीन दडपलेली आहे किंवा रोज थोडं थोडं पाणी शिंपडलं गेलंय. बहुतेक वेळा दोन्ही. मातीला आंबूस, कुजका वास येत असेल तर निचरा नाही. वर पांढरी खपली धरली असेल तर क्षार साठलेत.

दडपण किती आहे ते तपासायला यंत्र लागत नाही. आदल्या दिवशी भिजवलेल्या जमिनीत लांब स्क्रूड्रायव्हर हाताने दाबा. तो १५ सेंटिमीटर सहज गेला तर ठीक. चार-पाच सेंटिमीटरांवर अडला, तर मुळांचीही तीच गत होत असणार.

शेवटी लॉनवर आडवंउभं चाला आणि दर दोन पावलांनी बुटाच्या टोकाखाली काय आहे त्याची नोंद करा: आपलं गवत, तण की उघडी माती. निम्म्याहून जास्त वेळा आपलं गवत आलं तर डागडुजी पुरते. कमी आलं तर नव्याने लावणं सोपं पडतं. त्याच दिवशी कुठल्या भागावर किती तास थेट ऊन पडतं तेही लिहून ठेवा. हरळीला सहा ते आठ तास लागतात. झोयसिया आणि सेंट ऑगस्टीन चार-पाच तासांत भागवतात. त्याहून कमी उन्हात लॉनचा हट्ट धरू नये.

माती तपासून घेतलेली बरी. दहा-बारा ठिकाणची, १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. सामू (pH) ६ ते ७ च्या दरम्यान असला की गवत खूश असतं. अहवाल हातात येण्याआधी चुना मात्र टाकू नका. कोरड्या, उष्ण भागांतल्या कितीतरी जमिनी आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन) असतात. तिथे चुना टाकणं म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणं. जमीन चोपण (सोडियमच्या क्षारांनी घट्ट झालेली) असेल तर जिप्सम उपयोगी पडतं, पण तेही अहवालाप्रमाणेच.

कामाला हात कधी घालायचा

पुढची सगळी कामं गवताला जखमा करणारी आहेत आणि त्या भरून यायला गवत जोमात वाढत असावं लागतं. रात्रीचं तापमान सलग १८ ते २० अंशांच्या वर राहू लागलं, जुन्या गवताला आपणहून फुटवे दिसू लागले, की मुहूर्त लागला. ऐन रणरणत्या उन्हात आणि थंडी तोंडावर असताना हे काम काढू नये. जिथे मुसळधार पावसाचा ठरलेला मोसम असतो तिथे बी तरी त्याच्या बरंच आधी पेरा, नाहीतर पहिल्याच सरीत सगळं उतारावरच्या कोपऱ्यात जमा होतं.

डागडुजी

आधी कापणी. हरळी आणि झोयसिया या हंगामात बऱ्यापैकी खाली, दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत कापली तरी चालतात, कारण त्यांच्या काशा जमिनीखाली सुरक्षित असतात. गवत गुडघाभर वाढलं असेल तर एका दमात नको. दोन-तीन वेळा, मध्ये चार-पाच दिवस सोडून खाली या. सेंट ऑगस्टीनला हा नियम लावू नका. त्याच्या धावत्या फांद्या जमिनीच्या वर असतात. त्या छाटल्या की गवताकडे परत फुटायला काही उरत नाही. या पहिल्या कापणीचा पाला उचलून कंपोस्टात टाका. त्यात तणांचं पिकलेलं बी असतं, म्हणून खड्डा चांगला तापणारा हवा.

मग तण. घोळ, आंबुशी, केना, दुधी ही मंडळी पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताने निघतात. घोळ उपटून तिथेच टाकायची नाही. तिच्या खोडाचा तुकडाही ओल मिळाली की मूळ धरतो.

खरा वैरी लव्हाळा. दांडा दोन बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, त्यावरून तो गवतातही ओळखू येतो. उपटला की पात्याचा झुबका लगेच हातात येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. झालेलं नसतं. खुरपं चार बोटं बाजूला रोवून माती उचला. झुबक्याखाली एक फुगीर बुंधा, त्यातून निघालेला तारेसारखा बारीक धागा, त्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढी काळपट गाठ, गाठीतून पुढे आणखी धागा आणि आणखी एक गाठ. अशी माळ हातभर निघते. गाठ मोडली तर सुगंध येतो. वरचा झुबका तोडला की एरवी झोपून राहिल्या असत्या त्या गाठीही जाग्या होतात. म्हणून पुरतं खणायचं, किंवा मग सतत उपटत राहायचं. झुबक्याला पाच-सहा पानं येण्याआधी, हंगामभर न चुकता उपटलं तर गाठीतला साठा संपत जातो. रसायनाने जायचं असेल तर लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे निवडक तणनाशक वापरलं जातं. ते आपल्या जातीच्या गवताला चालतं का, हे वेष्टनावर वाचल्याशिवाय आणि तिथले नियम पाहिल्याशिवाय फवारू नका. लव्हाळा एकाच जागी दाट असेल तर तिथे पाणी साचतंय का तेही बघा, कारण ओल त्याला फार मानवते.

तण उगवण्याआधी मारायची जी औषधं असतात, ती आणि नवं बी, ही जोडी एकत्र येऊ देऊ नका. औषधाला तण आणि लॉन यांच्या बियांतला फरक कळत नाही.

पुढे तो दडस थर. जागा छोटी असेल तर लोखंडी दंताळ्याने जोर लावून ओढत राहायचं. मोठी असेल तर उभी पाती असलेलं यंत्र भाड्याने आणायचं. काम संपल्यावर लॉन अगदी भिकार दिसतं. हरळी त्यातून दोन-तीन आठवड्यांत उठते, झोयसिया जास्त वेळ घेते. सेंट ऑगस्टीनवर हे यंत्र मी चालवणार नाही. दंताळ्याने हलक्या हाताने ओढलं तेवढंच.

दडपलेल्या जमिनीला भोकं पाडणं हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम आणि सगळ्यात जास्त फळ देणारंही. जमीन वाफशावर हवी. चिखल असेल तर भोकांच्या भिंती चोपल्या जातात आणि कोरडी असेल तर दाते आतच जात नाहीत. पोकळ दात्यांचं यंत्र मातीच्या कांड्या उपसून वर टाकतं. भोकं ५ ते ८ सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर असावीत. कांड्या उचलू नका, वाळल्या की दंताळ्याच्या पाठीने फोडून पसरा. यंत्र नसेल तर बागेचा चार दात्यांचा काटा पायाने रोवून मागेपुढे हलवायचा. पोकळ दात्यांइतका तो परिणाम करत नाही, पण छोट्या अंगणाला पुरतो. खिळ्यांचे बूट घालून लॉनवर चालण्याने मात्र घामाखेरीज फारसं काही निघत नाही.

भोकं उघडी असतानाच वरून खत-मातीचा पातळ थर द्या. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट आणि लॉनखाली आहे त्याच जातीची माती, निम्मं निम्मं. थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. १०० चौरस मीटरला अर्धा घनमीटर मिश्रण लागतं. चिकणमातीवर नुसत्या वाळूचा थर देऊ नका. वाळू आणि चिकणमातीच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळंही तिथेच थबकतात. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं तर त्यातून महिनाभर तण वेचत बसावं लागतं.

उघड्या जागा शेजारच्या दाट भागातले ठोंब काढून लावल्या तर गवताची जात आणि रंग जुळतो. बाहेरून आणलेल्या गवतात तो जुळेलच असं नाही.

नव्याने लावायचं असेल तर

जुनं सगळं मारायला उष्ण हवेत एक फुकटची शक्ती हाताशी असते, ती म्हणजे ऊन. जमीन नांगरून किंवा खणून, सपाट करून, भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक या कामाला तितकंसं चालत नाही. सगळ्यांत तापलेल्या दिवसांत चार ते सहा आठवडे तसंच ठेवलं की वरच्या थरातलं बहुतेक तणबी शिजून जातं. लव्हाळ्याच्या खोल गाठी आणि हरळीच्या काशा यातूनही वाचतात, त्या खणतानाच वेचून काढाव्या लागतात. ग्लायफोसेट हे तणनाशक वापरणारे लोक गवत हिरवं आणि वाढतं असताना फवारतात, कारण वाळलेली पानं ते शोषत नाहीत. दोन आठवड्यांनी जे परत फुटेल त्यावर पुन्हा. त्याच्या विक्रीवर आणि वापरावर ठिकठिकाणी निर्बंध आहेत, तेही पाहायचे.

मग घरापासून दूर जाणारा दर मीटरला एक-दोन सेंटिमीटरचा उतार काढा. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं कंपोस्ट पसरून वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळा. पाणी देऊन माती बसू द्या, खळगे भरा, पुन्हा पाणी द्या. चालताना पाय एक सेंटिमीटरच्या आसपास रुतला तर जमीन तयार.

लावायच्या वाटा तीन. साध्या हरळीचं बी मिळतं. चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम बी दोन आडव्याउभ्या फेऱ्यांत पेरा, दंताळ्याने हलकंसं झाका आणि वरून रोलर फिरवा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. एक ते तीन आठवड्यांत उगवण होते. तोवर वरचा थर वाळता कामा नये, म्हणजे दिवसातून दोन-चार वेळा हलका फवारा. संकरित बर्म्युडाच्या बहुतेक जाती वांझ असतात, त्यांचं बी नसतंच. त्या ठोंबाने किंवा गादीने लावतात. दोन-चार पेरांचे तुकडे घेऊन निम्मे मातीत, निम्मे बाहेर असे लावा. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकली जाते. झोयसिया याच कामाला अख्खा हंगाम किंवा जास्तही घेते.

गादी अंथरायची तर ती आली त्या दिवशीच. तापलेल्या हवेत गुंडाळी आतून शिजते. खालची माती आधी ओली करा, सांधे विटांसारखे आडवेतिडवे ठेवा, एकमेकांना घट्ट भिडवा, रोलर फिरवा आणि लगेच भिजवा. पहिला आठवडा-दीड आठवडा रोज पाणी. दोन आठवड्यांनी एखादा कोपरा हळूच उचलून पाहा. तो उचलला जात नसेल तर मुळं खाली उतरली, आता पाण्याच्या पाळ्या लांबवायला लागा.

पाणी

लॉन बिघडतं ते पाण्याच्या कमतरतेपेक्षा पाणी देण्याच्या पद्धतीने. रोज संध्याकाळी हातात नळी धरून पाच मिनिटं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन सेंटिमीटरांत मुरतं आणि दुसऱ्या दुपारी उडून जातं. मुळं तिथेच राहतात. शिवाय रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आयतं निमंत्रण देतात. पाणी पहाटे द्यावं, आठवड्यातून एक-दोनदाच, आणि एवढं की १५ सेंटिमीटर माती ओली होईल.

वाढीच्या दिवसांत आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. कोरड्या, वाऱ्याच्या, कडक उन्हात ते ४० पर्यंतही जातं. पाऊस झाला तर तेवढं वजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, त्यामुळे १०० चौरस मीटरला आठवड्याला २५०० लिटर. हा आकडा समोर ठेवून मगच लॉन किती मोठं हवं ते ठरवलेलं बरं.

आपला फवारा किती पाणी टाकतो हे मोजायला सरळ कडांचे पाच-सहा रिकामे डबे लॉनभर ठेवा, २० मिनिटं फवारा चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी घालून पाणी मोजा. सरासरी ५ मिलिमीटर आली तर २५ मिलिमीटरला १०० मिनिटं लागतील, म्हणजे दोन पाळ्यांत ५०-५० मिनिटं. एका डब्यात ८ आणि दुसऱ्यात २ आले तर तुमच्या वाळक्या पट्ट्याचं कारण फवाऱ्याच्या तोंडात आहे, मातीत नाही. चिकणमातीवर १५ मिनिटांतच पाणी वाहायला लागलं तर तिथे थांबा, तासभर मुरू द्या, मग पुढची १५ मिनिटं. वाळूत उलट करायचं: कमी पाणी, जास्त पाळ्या. पाणी दिल्यावर काही तासांनी तोच स्क्रूड्रायव्हर घालून ओल कुठवर गेली ते बघता येतं.

पुढची पाळी कधी, हे गवत सांगतं. रंग हिरव्यावरून निळसर करडा होतो, पानं लांबीत मिटतात आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे उठून राहतात. यातलं काही दिसलं तर दुसऱ्या पहाटे पाणी. पाणी क्षारयुक्त असेल तर अधूनमधून एक पाळी मुद्दाम जड द्या, क्षार मुळांखाली वाहून जातात. निचरा असला तरच, अर्थात.

कापणी आणि खत

एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. साधी हरळी अडीच ते चार सेंटिमीटर, झोयसिया अडीच ते पाच, सेंट ऑगस्टीन सहा ते दहा सेंटिमीटर उंच ठेवा. कडक उन्हाळ्यात त्यातली वरची उंची, म्हणजे माती सावलीत राहते. पातं धारदार हवं. बोथट पातं गवत फाडतं आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी झाक दिसते. वेळच्या वेळी कापलेला बारीक पाला तिथेच पडू द्या. त्याने दडस थर वाढतो हा गैरसमज आहे. उलट गवताला लागणाऱ्या नत्राचा चांगला हिस्सा त्यातून परत मिळतो.

डागडुजीनंतर नवे फुटवे दिसले की पहिलं खत. एका हप्त्याला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त ५ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ११ ग्रॅम युरिया, १०० चौरस मीटरला १ किलो १०० ग्रॅम. निम्मं उभ्या आणि निम्मं आडव्या फेरीत, कोरड्या पानांवर टाका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पानं करपतात. वाढीच्या हंगामात हरळीला महिन्या-दीड महिन्याने खत चालतं, झोयसियाला त्याच्या निम्म्याने भागतं. तहानलेल्या गवताला खत घालू नये.

नत्र देऊनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता आहे, विम्लधर्मी जमिनीत नेहमीची. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फवारा. फरशीवर पडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत.

किडी

वाळके चट्टे सतरंजी उचलावी तसे उचलले गेले तर खाली हुमणी (मुळं खाणारी पांढरट अळी) बघा. एका फुटाच्या चौकोनात पाच-दहा अळ्या निघाल्या तरच औषधाचा विचार करावा, एक-दोन असतातच. लष्करी अळीचा संशय असेल तर चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचा द्रवरूप साबण मिसळून एक चौरस मीटरवर ओता. अळ्या असल्या तर थोड्याच वेळात वर येतात.

पाणीच तुटलं तर

टंचाईत लॉन हिरवं ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्या आणि ते नुसतं जिवंत ठेवा. खत बंद, कापणी बंद, त्यावरून चालणंही बंद. सुप्त गवतावरून येजा झाली तर गाभा चिरडतो. दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण १२ मिलिमीटर पाणी मिळालं तरी गाभे आणि काशा तग धरतात. तेही सगळ्या जागेला पुरणार नसेल तर उतारावरच्या आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पट्ट्यांपासून हात आखडता घ्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी तिथे उत्तर-पश्चिम वाचावं. तापलेल्या भिंतीचे हे पट्टे एरवीही सगळ्यांत जास्त पाणी पितात. पाणी परत सुरू झालं की आठवडाभरात दोन जड पाळ्या द्या, कोंब ठरलेल्या उंचीच्या वर जाईपर्यंत यंत्र बाहेर काढू नका, आणि खताची पिशवी पहिल्या कापणीनंतरच उघडा.